नामिबियात गाडीने भटकंती: वाळवंट आणि किनारा, फोटोसाठी कुठे किती थांबावं?

मृगजळ
मंडळी, जुलैत नामिबियाला जायचं पक्कं झालंय. मी आणि नवरा दोघंच, गाडी आम्हीच चालवणार. विंडहुकला उतरून सोसुसव्लेई (लाल वाळूच्या टेकड्यांचा भाग), तिथून वॉल्विस बे आणि स्वाकोपमुंड, मग किनाऱ्याकिनाऱ्याने स्केलेटन कोस्ट, आणि जमलं तर खाली दक्षिणेला ल्युडरिट्झजवळचं ओस पडलेलं कोल्मान्सकोप. हातात दहा-बारा दिवस आहेत. एटोशा (प्राण्यांचं अभयारण्य) यावेळी मुद्दाम सोडलंय, कारण मला वाळू, धुकं आणि समुद्र यांचेच फोटो काढायचेत.

घरात वाद असा की नवरा म्हणतो एवढ्या लांब जातोय तर रोज नवा मुक्काम करू, सगळं बघून घेऊ. माझं म्हणणं, एका जागी दोन-तीन रात्री राहिल्याशिवाय फोटो हाती लागत नाही, उजेड काही आपल्या सोयीने येत नसतो. ज्यांनी तिकडे गाडीने भटकंती केलीय त्यांनी सांगा, काय सोडू आणि कुठे थांबू? २४-७० आणि १००-४०० अशा दोन लेन्स आहेत, ट्रायपॉड आहे. फोर बाय फोर घ्यावीच लागते का तेही सांगा.

वाटसरू
वाचनखूण साठवली. आल्यावर फोटो टाकायचे या अटीवर सगळे मदत करतील बघा.

खडीवाला
आधी रस्त्याचं बोलतो कारण फोटोची सगळी गणितं तिथेच चुकतात. नकाशावर अडीचशे किलोमीटर दिसलं की आपण म्हणतो तीन तासात पोचू. तिकडे मुख्य रस्ते सोडले की सगळी खडी. खडीवर कायद्याने १०० पर्यंत चालतं पण भाड्याच्या गाडीवाल्यांची मर्यादा बहुतेक ८० असते आणि ती पाळाच, कारण वळणावर खडीत गाडी मागून सरकायला लागली की ब्रेक मारून काही उपयोग नसतो, उलट गाडी उलटते. त्यात पत्र्याच्या छपरासारख्या वळ्या पडलेल्या असतात, टायर फुटतात, समोरून ट्रक आला की धुळीत काही सेकंद काहीच दिसत नाही. अंधारात तर अजिबात चालवू नका, ऑरिक्स आणि कुडू ही मोठी हरणं सरळ रस्त्यावर येतात.

म्हणजे काय, सूर्यास्ताचा फोटो काढून "मग जाऊ मुक्कामाला" हे तिथे चालत नाही. जिथे राहणार तिथेच सूर्यास्त. त्यामुळे नवरोबांचा रोज नवा मुक्काम केला तर सकाळचा आणि संध्याकाळचा उजेड दोन्ही गाडीत जाणार. माझं मत तुमच्या बाजूने.

गाडी: सोसुसव्लेईला जाताना पार्कच्या गेटपासून, म्हणजे सेसरिमपासून, साधारण ६० किमी डांबरी आहे, शेवटचे ५ किमी मऊ वाळू. तेवढ्यासाठी फोर बाय फोर नसली तरी चालतं, तिथून शटल मिळते. पण मी तरी उंच गाडी आणि दोन स्टेपन्या घेतल्याशिवाय जाणार नाही. खडीवर टायरमधली हवा थोडी कमी करा, १.८ बारच्या आसपास, वाळूत त्याहून बरीच कमी, आणि बाहेर आल्यावर परत भरा. छोटा कॉम्प्रेसर मागून घ्या. विम्यात टायर, काच आणि वाळूचं नुकसान धरलंय का ते सही करण्याआधी वाचा.

सागरगोटे
>> अंधारात तर अजिबात चालवू नका
+१००. हे ठळक करून लिहा.

तांबडफुटी
मृगजळ, सोसुसव्लेईला किमान तीन रात्री. आणि मुक्काम पार्कच्या गेटच्या आत. बाहेरच्या लोकांसाठी गेट सूर्योदयाला उघडतं, आत राहणाऱ्यांना साधारण एक तास आधी सोडतात. या एका तासासाठी लोक कितीतरी आधी बुकिंग करून ठेवतात. आतली वेगमर्यादा ६० आहे, म्हणजे गेट उघडताच निघालात तरी उजाडताना तुम्ही जेमतेम रस्ता संपवत असता. बाहेरून येणाऱ्याचं काय होत असेल विचार करा.

जुलैत सूर्योदय पावणेआठच्या सुमाराला, सूर्यास्त सव्वासहानंतर. २०१७ पासून तिकडे घड्याळ पुढेमागे करत नाहीत त्यामुळे हिवाळ्यातली सकाळ उशिरा होते. म्हणजे सकाळचा फोटो काढायला रात्री दोनला उठायचं कारण नाही, हे नवऱ्याला आवर्जून सांगा :)

आता सोसुसव्लेईजवळचं डेडव्लेई. पांढऱ्या मातीचा सपाट तळ, त्यात शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली बाभळीच्या जातीची झाडं (तिकडे कॅमल थॉर्न म्हणतात). वाळूच्या टेकड्यांनी नदीची वाट अडवली, पाणी तुटलं, झाडं मेली, आणि हवा इतकी कोरडी की कुजलीसुद्धा नाहीत, उन्हाने काळी पडली. सगळे जण उन्हात चमकणारी झाडं टिपायला जातात. मला विचाराल तर खरा उजेड त्याच्या आधीचा. ऊन मागच्या टेकडीच्या माथ्यावर पोचलेलं असतं, ती नारिंगी पेटलेली असते, आणि तळ अजून पूर्ण सावलीत निळसर. तेव्हा १००-४०० लावून लांबून झाडं आणि त्यांच्यामागे फक्त वाळू अशी चौकट धरा, आकाश अजिबात नको. सावलीची रेघ टेकडीवरून खाली सरकत तळाला लागली की ते संपलं. काही मिनिटांचा खेळ आहे आणि पहिल्या सकाळी नुसतं कुठे उभं राहायचं हे कळण्यातच तो जातो. म्हणून तीन रात्री म्हणतेय.

एक तांत्रिक गोष्ट. त्या वाळूत लाल रंग इतका असतो की नेहमीचा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि लाल चॅनल मात्र कधीच जळून गेलेला असतो, घरी येऊन बघितलं की वाळूचा पोत गायब. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून ठेवा आणि लाल बघून एक्स्पोजर कमी करा.

हर्षू_क
माझं मत जरा वेगळं आहे. आम्ही डेडव्लेईला एकच सकाळ होतो आणि मला तेवढी पुरली. तिथे तोच तो फोटो सगळ्यांकडे आहे. त्यापेक्षा तो वेळ रस्त्यात घालवला असता तर जास्त आवडलं असतं. सी-१४ या रस्त्यावरून सॉलिटेर गाव सोडून वॉल्विस बेकडे निघालात की गाऊब आणि कुईसेब अशा दोन खिंडी लागतात, मकरवृत्ताची पाटी लागते, सगळे त्या पाटीखाली उभं राहून फोटो काढतात आणि पुढे पळतात. पण कुईसेब नदीचा तो सगळा टापू बघा. नदीच्या दक्षिणेला टेकड्याच टेकड्या आणि उत्तरेला एकदम सपाट खडीचं मैदान. नदी वर्षातले बहुतेक दिवस कोरडी, पण पूर आला की उत्तरेकडे सरकणारी वाळू वाहून नेते, म्हणून वाळूला ती ओलांडता येत नाही. वाळवंट जणू कुणी रेघ मारून तोडलंय. असा फोटो फारसा कुणाकडे नसतो.

तांबडफुटी
हर्षू, कुईसेबचं पटलं, तो टापू खरंच दुर्लक्षित आहे. पण "तोच तो फोटो" हे नाही पटलं. जागा तीच असली तरी रोजचा वारा वेगळा, टेकडीची धार रोज वेगळी. आणि लोक नऊ-साडेनऊला गाड्या भरून येतात तेव्हा तुम्ही परतीला लागलेले असता.

निळावंती
किनाऱ्याबद्दल लिहिते, कारण वाळवंटावर सगळेच बोलतात. मृगजळ, पहिलं म्हणजे स्वाकोपमुंडला निळं आकाश आणि सोनेरी वाळू अशी कल्पना घेऊन जाऊ नका. खाली बेंग्वेला प्रवाहाचं गार पाणी, वर गरम हवा, त्यामुळे सकाळी धुकं ठरलेलं. अनेक जण हिरमुसून हॉटेलात बसतात आणि मला ते बघून वाईट वाटतं, कारण त्या किनाऱ्याचा चेहराच धुकं आहे. जहाजं तिथे धुक्यामुळेच फुटली. एडुआर्ड बोहलेन १९०९ साली दाट धुक्यात किनाऱ्याला लागलं, आज ते पाण्यापासून काही शे मीटर आत वाळूत उभं आहे कारण किनाराच पुढे सरकला. ते बघायचं तर विमानातून किंवा परवानाधारक गाईडबरोबर.

आपल्याला सहज पोचता येईल असं म्हणजे स्वाकोपमुंडच्या उत्तरेला हेंटिस बे गावाच्या अलीकडचं झेइला. २००८ मध्ये भंगारात विकलेलं मासेमारीचं जहाज मुंबईकडे ओढून नेत होते, निघाल्यावर लगेचच दोर सुटला आणि ते इथे येऊन रुतलं. त्यावर पाणकावळे ओळीने बसलेले असतात. धुक्यात मागचं क्षितिज पुसलं जातं, समुद्र आणि आकाश एकच करडा, त्यात गंजलेलं जहाज आणि काळे पक्षी. मी शटर ३० सेकंद उघडं ठेवून लाटा विरघळवल्या आणि पक्षी हलले म्हणून पुसट झाले, मग १/५०० ला काढले आणि तेच जास्त आवडले, लाटेचा फेस जहाजाच्या पोटाला आपटताना दिसत होता.

धुक्यात कॅमेरा फोटो काळपट करतो, एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड).

खडीवाला
झेइला मुंबईला निघालं होतं हे माहीत नव्हतं! मी तिथे उभा राहून डबा खाल्लाय.

वाटसरू
अवांतर: म्हणजे आपण तिकडे जातो आणि ते इकडे यायला निघालेलं. दोघांचीही गाडी वाळूतच रुतते.

रॉ_फाईल
सँडविच हार्बर कुणीच कसं नाही काढलं? वाळवंट आणि समुद्र एकाच चौकटीत हवंय ना, मग तेच. वॉल्विस बेच्या दक्षिणेला, टेकड्या थेट अटलांटिकमध्ये उतरतात. स्वतःची गाडी घालू नका, भरती आली की टेकडी आणि पाणी यात गाडीपुरतीही जागा उरत नाही. गाईड घ्याच, आणि बुक करतानाच विचारा की भरती-ओहोटीप्रमाणे निघायची वेळ ठरते का आणि टेकडीच्या माथ्यावर किती वेळ थांबू देणार. नाहीतर अर्धा वेळ वाळूत गाडी उडवून दाखवण्यात जातो. फोटोसाठी वेगळी गाडी ठरवली तर महाग पडते पण पैसे वसूल.

दुपारनंतर नैऋत्येचा वारा सुटतो, टेकडीच्या धारेवरून वाळू उडते. फोटो जबरदस्त पण लेन्स बदलायची नाही म्हणजे नाही. मी दोन कॅमेरे नेतो. एकच असेल तर सकाळी गाडीतून उतरायच्या आधी १००-४०० लावा आणि विसरून जा.

निशाचर
आणि ताऱ्यांचं काय? जुलैत आकाशगंगेचा गाभा रात्री जवळजवळ डोक्यावर येतो, आपल्याकडून तो दक्षिणेला खाली दिसतो तसा नाही. डेडव्लेईत रात्री काढलेले फोटो बघून लोक तेच स्वप्न घेऊन जातात, पण रात्री तिथे थांबू देत नाहीत, ते फोटो खास परवानगीने काढलेले असतात. त्यासाठी दक्षिणेला लागूनच नामिबरँड आहे, खाजगी राखीव क्षेत्र, २०१२ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह. अमावास्या धरून तारखा लावा. किनाऱ्यावर तारे विसरा, निळावंतीचं धुकं मध्ये येतं.

हर्षू_क
एक शंका. किनाऱ्याकडची ती खडीची मैदानं आहेत, मैलोन्मैल काही नाही. फोटोसाठी रस्त्यावरून शंभर-दोनशे मीटर आत गाडी घातली तर काय बिघडतं? रस्ता फ्रेममध्ये येतो नाहीतर. तिथे आधीच चाकांचे माग आहेत, लोक जातात म्हणजे चालत असणार.

निळावंती
हर्षू, कृपया नको. हे मी रागाने नाही, कळकळीने लिहितेय.

ते मैदान रिकामं नाही. गुडघे टेकून बघा एकदा. खडीच्या प्रत्येक दगडावर दगडफूल आहे, करडं, पिवळं, काही ठिकाणी भडक नारिंगी. पाऊस जवळजवळ नाहीच, धुक्यावर जगतं ते. दुपारी बघाल तर वाळलेल्या काडीकचऱ्यासारखं दिसतं, पायाखाली चुरा होतो. सकाळी धुकं असताना तेच फुगून मऊ होतं, रंग उजळतो, कडा उलगडतात. इतकं सावकाश वाढतं की एका गाडीने मोडलेलं आपल्या हयातीत भरून येत नाही. ते जे "आधीचे माग" तुम्हाला दिसले ना, त्यातले कित्येक अनेक दशकांपूर्वीचे आहेत. तिथे पुसायला पाऊसच नाही. शिवाय डमारा टर्न नावाचा छोटा पक्षी उघड्या खडीवर अंडी घालतो, खडीच्याच रंगाची, गाडीतून दिसणं अशक्य.

नियमही आहेत, किनाऱ्यावरच्या डोरोब नॅशनल पार्कात ठरवून दिलेल्या वाटांबाहेर गाडी घालायला बंदी आहे. पण नियम नसता तरी हेच म्हटलं असतं. फ्रेममध्ये रस्ता येतो तर रस्त्याचाच फोटो काढा, सरळ धुक्यात घुसणारी मिठाची वाट (खारं पाणी मारून घट्ट केलेला किनाऱ्याचा रस्ता) याहून चांगला विषय मला तरी माहीत नाही.

खडीवाला
निळावंतीला पूर्ण अनुमोदन. आणि ती मिठाची वाट धुक्याने ओली झाली की साबणासारखी निसरडी होते, दिसायला डांबरासारखी गुळगुळीत असते म्हणून लोक फसतात. काही भाग आता डांबरी झालाय, पण हेंटिस बेच्या पुढे जपून.

हर्षू_क
दगडफुलाचं खरंच माहीत नव्हतं. पटलं. पायी चालत गेलं तर?

निळावंती
पायवाट असेल तिथेच. नसेल तर रस्त्याच्या कडेलाच पोटावर झोपा, कडेपासून हातभर अंतरावरही भरपूर असतं. मॅक्रो नसली तरी १००-४०० चं जवळचं फोकस पुरतं.

सागरगोटे
मी पहिल्यांदा या विषयाचा असा धागा वाचतेय ज्यात कुणी कॅमेऱ्याच्या कंपनीवरून भांडलेलं नाही.

रॉ_फाईल
थांबा, पोलरायझरवरून (चमक मारणारा फिल्टर) भांडू. माझ्या मते वाळवंटात वाइड लेन्सवर पोलरायझर लावू नये, आकाशाचा एक तुकडा काळानिळा आणि बाकी फिका होतो.

तांबडफुटी
२४ एमएमला होतं तसं. पण ७० च्या पुढे, ओल्या किनाऱ्यावर, किंवा मिठागराच्या पाण्यावरची चमक मारायला हवाच. वॉल्विस बेच्या मिठागरांचं गुलाबी पाणी पोलरायझरशिवाय निम्मं फिकं दिसतं. तिथल्या खाडीत फ्लेमिंगो पण असतात.

वाटसरू
ड्रोन नेऊ का असं मृगजळने विचारलं नाही पण मी विचारतो.

रॉ_फाईल
नॅशनल पार्कात परवानगीशिवाय चालत नाही, बाहेरही त्यांच्या नागरी विमान प्राधिकरणाची मंजुरी लागते. आणि किनाऱ्यावर सीलच्या वसाहतीवर किंवा फ्लेमिंगोंवर उडवणारा माणूस मला भेटला तर मी भांडणार. पिल्लं तुडवली जातात घाबरलेल्या कळपात. केप क्रॉसला लाकडी पुलावरून हजारो सील हाताच्या अंतरावर दिसतात, ड्रोन कशाला हवा. वासाची तयारी ठेवा फक्त, कपड्यांना चिकटून येतो.

मृगजळ
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. सीलचा वास आणि रात्री दोनला उठायचं नाही या दोन मुद्द्यांवर तो खूष झाला, का ते विचारू नका.

सध्या असं ठरतंय: सेसरिमला गेटच्या आत तीन रात्री, नामिबरँडला दोन, मग सी-१४ ने मधे कुईसेबला थांबत थांबत किनारा, स्वाकोपमुंडला चार रात्री, त्यातच एक दिवस सँडविच हार्बर आणि एक दिवस झेइला-केप क्रॉस. स्केलेटन कोस्ट पार्कचा आतला भाग आणि कोल्मान्सकोप दोन्ही सोडायचं का यावर अडलंय. कोल्मान्सकोप सोडवत नाही.

तांबडफुटी
सोडा. १९०८ ला हिरा सापडला, शहर उभं राहिलं आणि १९५६ पर्यंत ओस पडलं, खोल्यांत खिडकीपर्यंत वाळू, सगळं मान्य. पण फोटोसाठीचं वेगळं परमिट घेऊन सूर्योदयाला आत जायचं तर ल्युडरिट्झला दोन रात्री हव्यात, आणि जाण्यायेण्याचे दिवस वेगळे. नुसतं दुपारी टिपून यायचं तर घरांच्या खोल्यांतला तिरका उजेड मिळत नाही. पुढच्या वेळी दक्षिण वेगळी करा, आउसजवळचे गारुबचे रानघोडे पण त्यात येतील.

निळावंती
मी मात्र म्हणेन स्केलेटन कोस्ट पूर्ण सोडू नका. केप क्रॉसच्या दिवशी थोडं पुढे स्केलेटन कोस्ट पार्कच्या उगाब गेटपर्यंत जाऊन या, त्या गेटवर कवटी रंगवलीय, सगळे त्याचाच फोटो काढतात, पण गेटपर्यंतचा रस्ता जास्त बोलतो. आणि त्या चार दिवसांत पूर्वेचा वारा सुटला तर घाबरू नका. हिवाळ्यात होतं असं, एकदम उकडायला लागतं, धुकं नाहीसं होतं आणि वाळू किनाऱ्याकडे उडत येते. त्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवून फिरा किंवा पावसाळी कव्हर घाला.

हर्षू_क
टेकड्यांच्या रंगाकडे लक्ष द्या किनाऱ्यावर आल्यावर. सोसुसव्लेईची वाळू लाल कारण ती जुनी, कणांवर लोहाचा गंज चढलेला. किनाऱ्याची फिकट पिवळी. मुळात ही सगळी ऑरेंज नदीने समुद्रात आणून टाकलेली, प्रवाहाने उत्तरेला वाहून वाऱ्याने आत ढकललेली. दोन्हीकडे व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) एकच ठेवा, ऑटोवर टाकलंत तर कॅमेरा दोन्ही सारख्या करून टाकतो आणि गोष्टच निघून जाते.

मृगजळ
व्हाइट बॅलन्सचं लक्षातच आलं नसतं, धन्यवाद. शेवटचा प्रश्न, ट्रायपॉडचं काय करायचं? वाळू आणि खारं पाणी दोन्हीत तो घालायचाय.

खडीवाला
सर्वात खालचा बारीक भाग आधी पूर्ण उघडा, मग वरचे. लोक उलटं करतात, खालचा बंद ठेवतात आणि जोड वाळूत बुडतो. पाय पसरून जरा दाबून रोवा म्हणजे लाट आली तरी खचत नाही. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवायचा, पिळायचे जोड सोडवून आतून पुसायचा, रात्रभर उघडाच वाळत ठेवायचा. वाळू लागलेला असताना पिळू नका, आधी फुंकून झाडा. लेन्सच्या काचेवर समुद्राचे थेंब पडले तर कोरड्या फडक्याने घासायचं नाही, ओल्या कापडाने मीठ विरघळवून मगच पुसा. आणि मागच्या सीटवर एक मोठी उशीची खोळ ठेवा, धुळीच्या रस्त्यावर बॅग त्यात घालून तोंड बांधायचं. बंद गाडीतही ती बारीक धूळ कुठून येते देव जाणे.

वाटसरू
खोळीची आयडिया चोरली.